आठच्या आत

"आठच्या आत म्हटलं होतं, अक्का." लॅबच्या खिडकीतून स्टेलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेनऊ. "तुमची पोर झोपेत मोठी होते. रात्री अंगात जे चढतं ते सकाळपर्यंतच रक्तात सापडतं. ऊन वर आलं की उतरलं. आत्ता सुई टोचली तर रिपोर्ट म्हणेल, लेकरू आहे, घरी न्या."

"लेकरूच आहे ती," पूंगोडी म्हणाली.

सात वर्षांची याळिनी बाकावर पाय हलवत बसली होती, तोंडात बोट घालून.

"आणि रिपोर्टशिवाय पाळी थांबवायचं इंजेक्शन नाही?"

"नाही. मदुरैला नमुने सोमवारीच जातात. पुढच्या सोमवारी या."

पूंगोडी सासूकडे वळली. "ऐकलंत? गेला आणखी एक आठवडा! बसा अजून उंबऱ्यात आडव्या."

"सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ," सासू शांतपणे म्हणाली. "त्या वेळात मी कोंबडीसुद्धा विकत नाही. नातीचं रक्त काढू देऊ?"

"दर सोमवारी तोच असतो तो! मग पुढच्या सोमवारी काय करणार आहात?"

"पाळी येऊ दे की आली तर. रीतीप्रमाणे मामा म्हणून तुझा भाऊ तिला बसायला अंगणात ओल्या झावळ्यांची खोप बांधेल. हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालू. लोक नवस करतात गं यासाठी."

"दुसरीत आहे ती! स्वतःची वेणी घालता येत नाही तिला. आणि तुम्ही निघालात आमंत्रणं करायला!"

सासूचं लक्ष नव्हतं. ती याळिनीच्या फ्रॉकच्या घेराकडे बघत होती. लाल ठिपका. ताजा.

म्हातारीने कपाळाशी हात जोडले, जीभ हलवली आणि कुलवईची मंगल आरोळी दिली, लग्नाच्या मांडवात देतात तशी, लांब, थरथरती. बाकावरच्या दोघीतिघींनी काही न विचारता तीत आपली मिळवली. पूंगोडीच्या हातातली फाइल खाली पडली, कागद पंख्याखाली पसरले.

एवढ्या आवाजाने दचकून याळिनीने तोंडातलं बोट काढलं. मग मूठ उघडून आजीपुढे धरली. तळहातावर पुढचा दुधाचा दात होता.

"आच्ची," फटीतून वारा सोडत तिने विचारलं, "राहुकाळ संपला होता ना गं?"