घरचं आंबवण

अबोला असला तरी मयताच्या जेवणाला जावंच लागतं, म्हणून तेक्लाबाई शेजारीण ब्रोन्याकडे गेल्या. तिथल्या काळ्या पावाचा पहिलाच घास घेतला. ही आंबट चव तर आपल्याच घरची! सुनेचं कुंपणापाशी घुटमळणं आठवलं. घरी येताच त्यांनी तिला पीठ मळताना गाठलं. "हान्का, त्या बाईला आपलं पाव फुगवायचं आंबवण कुणी दिलं? आंबवण घराबाहेर गेलं की बरकत जाते, माहीत नाही?" "दिलं नाही, आई. आणलं." "म्हणजे?" "लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा मी ही लाकडी काठवट घासून लख्ख धुतली. लाकडात मुरलेलं तुमचं आंबवण वाहून गेलं. रडत ब्रोन्याकाकूंच्या दारात गेले. त्यांनी लगेच त्यांचं वाटीभर आंबवण दिलं." "चोरटे! आणि मला कळलं कसं नाही?" "कळलं होतं की. तुम्हीच दुसऱ्या दिवशी म्हणालात, 'आज कुठे पाव माझ्या आईच्या हातचा लागला.'"