नुसतं स्पिरिट

हरिहरपंतांनी काचेच्या दोन्ही थाळ्या खिडकीशी धरल्या. एकीत मधमाश्या पोळ्याला लावतात त्या डिंकाचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क होता, दुसरीत दारूबंदीमुळे परमिटावर मिळवलेलं नुसतं स्पिरिट. दोन्हींत जंतू सारखेच मेले होते. म्हणजे डिंकाने काहीच केलं नव्हतं. केलं ते स्पिरिटने. नुसत्या स्पिरिटची थाळी सर्वांत आधी लावायची, असं ते कॉलेजात दरवर्षी पोरांना बजावत. स्वतः मात्र अर्काच्या पहिल्याच यशाने हुरळले आणि कोपरीच्या मिठागरात पाय चिघळलेल्या सगुणेकडे आणखी डिंक मागून बसले. तेवढ्यात सगुणाच दारात आली. पदरातला चिकट गोळा तिने त्यांच्या तळहातावर ठेवला. “सासूच्या येलेपासनं भिंतीत मास्यांचा पोला व्हता. सगला फोडून आनलाय, मास्तर. आता मास्या नाय. पन पाय बरं व्हतील ना?” “होतील,” पंत थाळ्यांवर वर्तमानपत्र ओढत म्हणाले. गोळ्यात रुतलेली एक माशी अजून पाय हलवत होती.