दुसरी पाळी

कॉलनीच्या गणपतीत शरच्चंद्र ड्राफ्ट्समननं अवकाशयानाचं नाटक बसवलं होतं. मधोमध कॅप्टनची खुर्ची, पुढं यान हाकणारा, उजवीकडे रेडिओवाला, डावीकडे इंजिनवाला; चौघंही शेजारच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपचे, पत्रे दाबणाऱ्या मशीनवरचे कामगार. यान उल्केवर आदळायच्या बेतात आलं आणि नेमका त्याच कारखान्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. सवयीनं चौघं ताडकन उठले. लोक खो खो हसले.

"बसा रे खाली!" विंगेतून शरच्चंद्र दबक्या आवाजात ओरडला. पण ते बसेनात, जाईनातही. चालू मशीन बदलीचा माणूस आल्याशिवाय सोडायचं नसतं; यानाच्या लिव्हरवर हात ठेवून चौघं वाट बघत उभे राहिले. झालं, नाटकाचा पार विचका!

तेवढ्यात रजा काढून नाटक बघायला आलेले दुसऱ्या पाळीचे चौघे प्रेक्षकांतून स्टेजवर चढले.

"काय भिवा, कसं काय हाय?" त्यांच्यातल्या किसननं कॅप्टनला विचारलं.

"उल्का डावीकडनं येतीया. ब्रेक जरा ढिला हाय, दमानं घे."

"घेतो. जा तू घरी, पोरं वाट बघत्यात."

हसणाऱ्या लोकांनीच टाळ्यांचा कडकडाट केला. शरच्चंद्रनं सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच्या नाटकात पुढच्याच वाक्याला यान फुटून सगळे मरायचे होते.

त्यानं हळूच पडदा ओढला.