मधला श्वास

घोगरी पुन्हा चुकली. तीच जागा, तोच खोकला. काचेपलीकडे सरांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर टाकले.

"अगं, काय चाललंय तुझं आज? वाक्यसुद्धा तुझं नाहीये! नुसतं गप्प उभं राहायचंय, तेही जमेना?"

"घसा खवखवतोय, सर. परत घेऊ."

शेजारी हिरॉईन उभी होती. तिचा चेहरा कधीच पडद्यावर आला नव्हता. पण परभाषेतल्या चित्रपटांतल्या नायिका आपल्या भाषेत बोलायच्या त्या तिच्याच गळ्यातून, म्हणून डबिंगच्या स्टुडिओत सगळे तिला हिरॉईन म्हणत. जाड, घोगऱ्या आवाजामुळे घोगरी हे नाव पडलेली दुसरी नायिकेच्या मैत्रिणीचा आवाज द्यायची. चित्रपटातल्या मैत्रिणीला कामं दोनच. मध्यंतरापर्यंत नायिकेला चिडवायचं आणि मध्यंतरानंतर तिचा नवरा पळवायचा. "अख्खी उमर दुसऱ्यांचे संसार मोडण्यात गेली गं माझी," असं घोगरी चहा पिताना म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

आजही पडद्यावर तेच होतं. नायिकेला सगळं कळलंय आणि ती मैत्रिणीला फैलावर घेतेय. लांबलचक वाक्य, एका दमात. मैत्रीण गप्प. असे प्रसंग सर दोघींना एकाच माईकसमोर उभं करून घेत. समोर माणूस असलं की राग खरा येतो, असं त्यांचं म्हणणं. फक्त एकीचं बिनसलं की दोघींचं वाया जायचं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये हिरॉईनची आई चार महिन्यांच्या नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. बाळंतपणानंतरचा हा हिरॉईनचा पहिलाच दिवस. सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "आज हा प्रसंग झाला नाही तर नायिका घोगरीला देतो. तिला बारीक आवाज काढता येतो. माझाही नाइलाज आहे, बाई."

तेव्हा घोगरी हातातल्या कागदात बघत राहिली होती. ना हो म्हणाली, ना नाही. ते गप्प राहणं हिरॉईनला सकाळपासून काट्यासारखं सलत होतं. आवाज एकदा दुसऱ्या गळ्यात गेला की परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आता या खोकल्यांवर खोकले. दिवस असाच उडवला की उद्या नायिका कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नाही द्यायची. तिने चपला काढल्या, फरशीवर पाय घट्ट रोवले. पडदा उजळला.

"तुला मी माझ्या घरात आणलं, माझ्या माणसांत बसवलं, कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगितलं, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास…"

खोकला.

हिरॉईन गर्रकन वळली. "मुद्दाम करतेयस का गं?"

"हो," घोगरी हळूच म्हणाली. "पुढे बघ."

तेवढ्यात सर वैतागून म्हणाले, "थांबा जरा. आत्तापर्यंतचं सगळं लावा. कुठे बिघडतंय ते ऐकू दे मला."

हिरॉईनच्या हेडफोनमध्ये तिचाच आवाज एकामागून एक येऊ लागला. घर, माणसं, विश्वास. खोकला. घर, माणसं, विश्वास. खोकला. सर कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना खोकला ऐकू येत होता. हिरॉईनला त्याच्या आतलं ऐकू आलं. 'विश्वास'पाशी दर वेळी तिचा दम संपत होता. सिझेरियनचे टाके सुकले होते, पण पोटातून जोर येत नव्हता. आवाज चिरकायला लागला रे लागला की त्याच्यावर खोकला येऊन पडत होता, तान्ह्याच्या अंगावर दुपटं टाकावं तसा.

तिने घोगरीकडे पाहिलं. घोगरी छताकडे बघत होती.

आणखी चार वेळा असंच निभावून नेता आलं असतं. हिरॉईनने हेडफोन काढले.

"सर, तिचा घसा ठणठणीत आहे. दम माझा पुरत नाहीये. ती मला झाकतेय."

"अगं ए शहाणे!" घोगरी ओरडली.

"तू गप गं. सर, हे वाक्य मला एका श्वासात येणार नाही. दोन श्वासांत येईल. पण बोलणार मीच."

"पडद्यावरची बाई एका दमात बोलतेय," सर म्हणाले. "मध्ये थांबलीस तर तिथे भोक पडेल."

"मी बुजवते," घोगरी म्हणाली. "'विश्वास'नंतर कॅमेरा मैत्रिणीच्या तोंडावर येतो आणि ती मान खाली घालते. ओठ दिसत नाहीत. तिथे मी 'ऐक ना गं' म्हणते. तेवढ्यात ही दम घेईल."

"कागदावर नाहीये ते."

"खोकलाही नव्हता."

सरांनी हात झटकला. घ्या काय घ्यायचंय ते.

पडदा पुन्हा उजळला. घर, माणसं, विश्वास. "ऐक ना गं," घोगरी म्हणाली, इतकं हळू की हिरॉईनच्या दंडावर काटा आला. तिने पोटभर श्वास घेतला आणि उरलेलं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत नेलं.

सरांनी ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा.

"ठेवा हाच टेक," ते म्हणाले. "उद्या दोघी वेळेवर या, नायिका नायिकेच्या जागी, मैत्रीण मैत्रिणीच्या." मग डोकं खाजवत पुटपुटले, "पण एक घोळ झालाय. लेखकाने तिला पक्की वैरीण केली होती. आता ती हिची मैत्रीण वाटायला लागलीय."

"होतीच, सर," हिरॉईन म्हणाली. "आपल्यालाच दिसली नाही."