आठ दिवसांत पोकर

"पुन्हा हसलास," उस्ताद म्हणाला आणि त्याने आपली पानं खाली टाकली. "चांगलं पान आलं की तुझे कान आधी हसतात. घे, दोन बटणं तुझी."

रंगाऱ्याने ड्रमवरची बटणं ओढून घेतली. रंगाच्या दुकानामागे, पालथ्या ड्रमवर, दुपारच्या सुट्टीत त्यांचा हा तिसरा दिवस. उस्ताद दुकानात रंग कालवायचा. तरुणपणी तो बोटीवर नोकरीला होता आणि तिथून दोनच गोष्टी घेऊन परतला होता, एक पोटाचा विकार आणि दुसरा पोकर. पैसे लावायचे नाहीत ही रंगाऱ्याची अट, म्हणून बटणं. ती त्याच्या बायकोच्या डब्यातली. ती शिवणकाम करायची.

खेळ तसा सोपा. पाच पानं हाती. नको असतील ती एकदाच बदलून घ्यायची. मग बटणं लावायची, वाढवायची. समोरच्याने तेवढी लावायची, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यांच्याहून एकसारखी तीन मोठी. पाचही एकाच रंगाची आली तर आणखी मोठी. इथे रंगारी अडला. बदाम लाल, चौकट लाल, मग रंग एकच की! लालच्या वीस छटा झोपेतही ओळखणाऱ्या माणसाला पत्त्यांत हे दोन रंग वेगळे असतात हे पटवण्यात उस्तादचा अख्खा एक दिवस गेला होता.

"समोरचा किती पानं बदलतो ते बघत जा," उस्ताद म्हणाला. "तीन बदलली तर हातात जोडी असणार. दोनच बदलली तर एकसारखी तीन असू शकतात, सावध राहायचं. आणि आपल्याकडे काहीच नसेल तर चेहरा कोरा ठेवायचा. कोऱ्या भिंतीचा विचार कर, तुला काय अवघड आहे?"

"तेवढंच नीट शिकव. बाकीचं राहू दे."

का ते उस्तादने विचारलं नाही. रंगाऱ्याच्या बायकोचा रिपोर्ट उस्तादच्याच कपाटात लपवलेला होता.

सोमवारी डॉक्टरांनी रंगाऱ्याला एकट्याला आत बोलावलं होतं. तीन महिने, फार तर चार. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, दिवस वाढणार नाहीत. बायकोला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याने बाहेरच्या बाकावर बसूनच ठरवलं. शेजारच्या बाईंना असंच खरं सांगितलं होतं, तर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. आपल्या बायकोचे उरलेले दिवस तो असे जाऊ देणार नव्हता.

पण सत्तावीस वर्षांत त्याला तिच्यापासून वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता आली नव्हती. मेहुणी म्हणायची, भावोजींचा चेहरा म्हणजे फळ्यावरचं अक्षर, शेवटच्या बाकावरूनही वाचता येतं. म्हणून घरी येऊन, चपला काढायच्या निमित्ताने खाली बघत, तो एवढंच म्हणाला होता की रिपोर्टला आठ दिवस लागतात.

उस्तादने खेळाचा नाद लावला असं सांगून तो रोज संध्याकाळी तिच्याशीही खेळू लागला. सराव व्हायला हवा होता. ती दोन दिवसांत तयार झाली. मापं घेणारी बाई, कशाला चुकतेय!

"अहो, या दोन जोड्या कुठे आहेत? एकच जोडी आहे," ती म्हणायची. "आणि माझ्याकडे तीन सत्त्या. आणा ती बटणं इकडे."

हाती काही नसताना त्याने बटणं वाढवली की ती हातातल्या काजावरून मानही वर करायची नाही.

"थापा मारताय."

आणि ते खरंच असायचं. रात्री तो आरशासमोर उभा राहून कोरा चेहरा करून बघायचा. तो चेहरा हटकून रडवेला व्हायचा.

आठव्या दिवशी संध्याकाळी ती कापड बेतायच्या टेबलाशी उशीला टेकून बसली होती. सकाळपासून दुखत होतं, पण खेळायचं म्हणाली. त्याला पानं आली ती अगदी टाकाऊ. चार बदलली, तरी जोडीही जमेना. तिने दोन बदलली. त्याने सगळी बटणं पुढे सारली आणि कोऱ्या भिंतीकडे मन लावलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ ती कधी बघायची नाही.

"नको बाई," शेवटी पानं पालथी ठेवत ती म्हणाली. "आज काहीच कळत नाहीय तुमच्या तोंडावरून. भारी पानं दिसतात. घ्या सगळी."

त्याचा ऊर भरून आला, पण तेही त्याने दिसू दिलं नाही.

"रिपोर्ट आला," तो त्याच सुरात म्हणाला. "काळजीचं काही नाही. जुनी सूज आहे. चार महिने गोळ्या, मग बंद."

"बघा, मी म्हणत नव्हते?" ती हसली, डोळ्यांपर्यंत हसली. "उगाच आठ दिवस जिवाला घोर. उद्या मशीनला तेल घाला, मी कामाला बसते. आधी तुमचे चार शर्ट शिवते. विकतच्या बाह्या तुम्हाला लांब होतात. जरा जाड कापड आणा, टिकलं पाहिजे."

"एवढी घाई काय आहे?"

"घाई कुठे? आता वेळच वेळ आहे," ती म्हणाली, आणि टेबलाला धरत उठून चहा टाकायला आत गेली.

रंगाऱ्याने मोठा श्वास सोडला. सत्तावीस वर्षांत तिच्या तोंडावर बोललेलं पहिलं खोटं, आणि ते खपलं. त्याला लाज वाटत होती आणि हायसंही वाटत होतं. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. असं तिने गुणगुणावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप केला होता. त्याने डोळे पुसले आणि टेबलावरची पानं गोळा करायला घेतली. स्वतःची गोळा केली. मग तिची पालथी पाच हातात घेतली, आणि ठेवता ठेवता सहज उलटून पाहिली.

तीन एक्के.