मुकं अंगण

देसान्काने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, तरी पलीकडच्या अंगणातला आवाज आत यायचा तो आलाच. तिथे कुणीतरी सायकलच्या चाकावर व्हायोलिनचा गज घासत होतं आणि माणसं ते माना डोलावत ऐकत होती. सर्बियातल्या नोव्ही साद शहराचं हे सांस्कृतिक वर्ष. जानेवारीपासून रोज काहीतरी नवं. आज काय, तर गल्लीतल्या प्रत्येक अंगणात वेगळं संगीत, आणि ऐकणाऱ्यांनी या अंगणातून त्या अंगणात हिंडायचं.

तिच्या अंगणात मात्र गेल्या ऑक्टोबरपासून एक सूर निघाला नव्हता. वेसेलिन तेव्हा गेला. पोटचा मुलगा गेला की आईने वर्षभर काळं घालायचं आणि घरादारात गाणं-बजावणं होऊ द्यायचं नाही, अशी रीत. शेजाऱ्यांनीही ती पाळली होती. समोरची ल्युबित्सा रेडिओ लावायची तो खिडक्या बंद करून, आणि वर माफी मागायला यायची. आता वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते. लेकाचं वर्ष नीट पार पडावं, एवढंच देसान्काचं मागणं होतं. त्याच्यासाठी करण्यासारखं दुसरं उरलंच काय होतं?

आणि लेक तर वाजवणारा. लाझाच्या चौघांच्या ताफ्यात तो प्रिम वाजवायचा. तारांच्या वाद्यांतलं ते सगळ्यात लहान, पण गाण्याची चाल त्याच्याचकडे.

मागच्या आठवड्यात लाझा टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. हे अंगण उत्सवाला द्यायचं वेसेलिनच कबूल करून गेला होता, असं तो चाचरत म्हणाला. देसान्काने त्याला आत बसवलं, कॉफी दिली आणि सरळ सांगितलं.

"वर्ष होईपर्यंत इथे तार वाजायची नाही, लाझा. तू मला लेकासारखा, पण तुलाही नाही."

"वाजवत नाही, मावशी. आम्ही तिघं नुसतं येऊन बसतो. वाद्यं मांडीवर घेऊन. तेवढं तरी चालेल का?"

बसायला का कुणी मनाई करतं? ती हो म्हणाली. उत्सवाच्या कचेरीतल्या बाईंना तर हे ऐकून आनंदाचं भरतं आलं. असा प्रयोग आजवर कुठे झाला नाही, असं म्हणत त्यांनी पत्रकात छापूनही टाकलं : मुकं अंगण. ते वाचून देसान्काने कपाळाला हात लावला. आमच्या दुखवट्याचाही यांनी कार्यक्रम केला, ती ल्युबित्साला म्हणाली, आता तिकीट लावायचं तेवढं राहिलंय.

आणि आता ती भाजलेल्या लाल मिरच्या सोलत पडद्याआडून बघत होती. तुतीखाली लाझाने चार खुर्च्या मांडल्या. तिघं बसले, चौथी खुर्ची रिकामी राहिली. बिअरचे ग्लास सांभाळत माणसं आत येत होती. कुणीतरी खिदळलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. देसान्काचा नुसता संताप झाला. ज्याचं जळतं त्याला कळतं, या गर्दीला त्याचं काय!

लाझाने मान हलवली आणि तिघांचे हात चालू झाले. डावी बोटं तारांवर अलगद सरकत होती, उजवा हात तारांना न शिवता वरच्यावर फिरत होता. आवाज काही नाही. देसान्काच्या हातातली मिरची तशीच राहिली. वर्षानुवर्षं यांच्या तालमी याच खिडकीबाहेर झालेल्या. कुठल्या गाण्याला कुणाची बोटं कुठे जातात, हे तिला तोंडपाठ होतं. वेसेलिनला निरोप देताना कबरीपाशी यांनी वाजवलेलं गाणं होतं ते. तेव्हा तिला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. आज सगळं येत होतं, लाझाची नेहमीची घाईसुद्धा.

"हळू रे मेल्या," ती पुटपुटली.

मग ती जागा आली. इथे तिघंही थांबायचे आणि वेसेलिन एकटा वाजवायचा, डोळे मिटून, मनाला येईल तितका वेळ. तिघं थांबले. लाझाने रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली, नेहमी वळवायचा तशीच.

लोकांना वाटलं, संपलं. पुढच्या एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. बरोबर वेसेलिनच्या जागेवर. लाझाने हात वर करून पाहिला, पण ऐकतो कोण.

देसान्का दार उघडून बाहेर आली. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, हात मिरच्यांच्या रसाने लाल. तिला पाहून टाळ्यांना आणखीच जोर चढला. हाही कार्यक्रमाचाच भाग असणार, असं त्यांना वाटलं. ती रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, तरी तो शेवटपर्यंत पोचला.

"थांबा जरा. त्याचं अजून व्हायचंय."

टाळ्या थांबल्या. मग कुणी ग्लाससुद्धा हलवला नाही. देसान्का खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, डोळे मिटून उभी होती. बराच वेळ गेला. या जागी वेसेलिन नेहमीच लांबवायचा.

मग तिने डोळे उघडले आणि लाझाकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली, "आता घ्या तुम्ही."