पाचवा आठवडा

काचेने तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या आणि बजावलं, सहा आठवडे हाताला आधाराची बांधलेली स्प्लिंट काढायची नाही, जड काही उचलायचं नाही. शिवणकामावर जगणारी बाई ती. तिने तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानली.

पाचव्या आठवड्यात बोटं छान वाकू लागली. त्याच आठवड्यात घर बदलायचं होतं. टेम्पो दारात उभा, हमाल अर्ध्यावर निघून गेलेला. नवरा वैतागला. "किती लाड त्या हाताचे! काढ ती स्प्लिंट, आणि शिलाई मशीनला जरा हात लाव." तिने लावला. जिन्यातच तिच्या तळहातात काहीतरी तटकन तुटलं.

दुसऱ्या दिवशी हाताचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिला बोटं वाकवायला सांगितली. बोटं सरळच राहिली. काल मशीन उचललं होतं, तिने सांगितलं.

"अहो, इतकं छान चाललं होतं! कोणी सांगितलं होतं जड उचलायला?"

ती खाली बघत राहिली. शेजारच्या खुर्चीवर नवरा मांडीवरची फाइल उगाच चाळत बसला. शेवटी तीच म्हणाली, "कोणी नाही. माझंच चुकलं. मला मेलीला स्वस्थ बसवत नाही."

पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि बोटं पहिल्यासारखी होतील असं ताई या वेळी म्हणाल्या नाहीत.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मी उचलायला लावलं, हे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "बराच वेळ थांबले होते."